भरती-ओहोटीचा महिना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शाळा खाडीकाठची, दोनशिक्षकी, पहिली ते चौथीची. फेब्रुवारीत आम्ही महिनाभराचा एक उपक्रम चालवतो. मुलं खाडीचं पाणी, विहिरीचं पाणी आणि आंब्याचा मोहोर यांची नोंद ठेवतात आणि त्याच नोंदींवर भाषा, गणित, परिसर अभ्यास शिकतात. शिक्षण परिषदेत याविषयी बोलले तेव्हापासून शेजारच्या शाळांतले शिक्षक, आमच्याच गावचे पालक आणि मुंबईला राहणारे काही आजी-आजोबा प्रश्न पाठवत असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

१. महिनाभर नेमकं काय करायचं असतं?

तीन नोंदी ठेवायच्या. पहिली रोजची: परिपाठ झाला की बरोबर साडेदहाला जेटीच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते मोजायचं. आमच्या ओट्यावरून पायऱ्या स्पष्ट दिसतात, त्यामुळे कुणाला पाण्यापाशी जावं लागत नाही. दुसरी आठवड्याची: विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते मोजायचं. तिसरी आठवड्यातून दोनदा: दोरा बांधलेल्या एकाच मोहोराच्या तुऱ्याचं काय झालं ते पाहायचं. महिन्यातून एकदा ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेरी. बाकी सगळं काम वर्गात, याच आकड्यांवर.

पहिल्या वर्षी मी नऊ उपक्रम काढले होते. दुसऱ्या आठवड्यातच वह्या कोऱ्या राहायला लागल्या. मुलांना उरक नव्हता असं नाही, मीच त्यांच्यावर फार लादलं होतं. तेव्हापासून तीनच.

२. फेब्रुवारीच का?

समुद्र शांत असतो, आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे चंद्र दिसतो. मोहोराची कणी धरते, विहिरी उतरायला लागतात. स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा उरकलेल्या असतात, शिमग्याची धामधूम बहुधा अजून लांब असते. शिवाय २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन लागून येतात. मुलांनी महिनाभर जे पाहिलं ते गावासमोर वाचून दाखवायला याहून चांगले दोन दिवस मिळत नाहीत. पावसाळ्यात करायचं असेल तर प्रश्न १५ पाहा.

३. चारही इयत्ता एकत्र बसतात. सगळ्यांना एकच काम कसं देणार?

पाहायचं एकच, लिहायचं वेगळं. पहिलीची मुलं पायऱ्यांचं चित्र काढून पाण्याची रेघ ओढतात. दुसरीची मोजून आकडा आणि एक वाक्य लिहितात. तिसरीची तक्ता भरतात आणि कालच्यापेक्षा किती फरक पडला ते काढतात. चौथीची चौकटीच्या कागदावर आलेख काढतात आणि पाऊणपटीचं गणित करतात (प्रश्न ५). पहिलीचं मूल चौथीच्या ताईचा आलेख रोज डोळ्यांसमोर वाढताना बघतं. मिश्र वर्गात एवढं तरी सुख आहे, ते सोडू नये.

४. यात पुस्तकाचा अभ्यास मागे पडत नाही का?

हा पालकांचा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि काळजी रास्त आहे. रोजचा वेळ वीस मिनिटांचा. त्यात मोजणी, वजाबाकी, अपूर्णांक, तक्ता वाचणं आणि दोन-चार वाक्यांचं लेखन होतं. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित जमावं हा त्याचा हेतू. आमच्या तिसरीतल्या एका मुलाला हातच्याची वजाबाकी वर्षभर जमत नव्हती. ‘काल अकरा पायऱ्या उघड्या होत्या, आज सातच, मग पाणी किती चढलं?’ हे मात्र तो न अडखळता सांगायचा. तिथून मी त्याला हातच्यापर्यंत नेलं.

५. भरतीची वेळ तिथीवरून काढतात म्हणे. ती पाऊणपट मुलांना कशी शिकवता?

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: अमावास्येनंतरची किंवा पौर्णिमेनंतरची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

चौथीला हे शिकवताना मी पाऊण म्हणजे ‘तीन भागिले चार’ असं सुरुवातीला सांगत नाही. पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव. पंचमीचं काढायचं तर पाचाचे अर्धे अडीच, पाव सव्वा, मिळून पावणेचार. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलं दुकानात आणि घड्याळात रोज ऐकतात, पण वर्गातला अपूर्णांक त्यांना परका वाटतो. भरतीच्या हिशेबात दोन्ही एकत्र येतात.

यासाठी घरच्या माणसांना जरूर बोलवा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आमच्याकडे एका मुलीच्या पणजोबांनी वर्गात येऊन पाऊणकी म्हणून दाखवली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन… म्हणताना ते कुठेही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग पाऊणकी म्हणत होता. मी ती गृहपाठाला दिलेली नव्हती.

तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघायची. कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, कधी एकच तिथी दोन दिवस येते. मुलं लगेच विचारतात, ‘बाई, सप्तमी कुठे गेली?’ तिथी चंद्राच्या चालीवर ठरते, तारीख सूर्याच्या, आणि दोघांचं मोजमाप सारखं नाही, एवढं सांगितलं की त्यांना पुरतं. मुसलमान घरांतली मुलं चाँदची तारीख सांगतात. चाँदची पहिली साधारण शुद्ध द्वितीयेच्या आसपास येते, त्यामुळे दोन आकड्यांत एखाद-दोन दिवसांचा फरक राहतो. दोन्ही रकाने वहीत ठेवा. चंद्र एकच आहे हे मुलं आपण होऊन सांगतात.

६. पाऊणपटीने काढलेली वेळ आणि मुलांनी पाहिलेली वेळ जुळत नाही. मुलांचं काही चुकतंय का?

बहुतेक वेळा मुलांचं बरोबर असतं. एका चांद्रमासात तिथी तीस. तेवढ्यात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटं. पाऊण तासाची मिनिटं ४५. दर तिथीला तीन मिनिटं मागे पडतात आणि पंधरा तिथींत पाऊण तासाची चूक साचते. पाऊणपटीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास असते. पाऊणऐवजी चार पंचमांश धरलं तर पंधरा तिथींचे बरोबर बारा तास होतात. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी म्हणून टिकली असावी असं माझं मत आहे. होडी लोटायला अर्ध्या तासाचा फरक चालतो.

यापुढची गुंतागुंत चौथीला तोंडी सांगून सोडून द्यावी. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत वेळ ४८ मिनिटांपेक्षा कमी सरकते, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवसांत जास्त. सर्वात मोठी भरती नेमकी पौर्णिमेला न येता एखाद-दोन दिवस मागून येते. आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते.

माझी कळकळीची विनंती एवढीच की, सूत्राशी जुळवण्यासाठी मुलाचा आकडा बदलू नका. एका वर्षी मी तसं केलं. ‘साडेदहाला एवढं पाणी असणं शक्य नाही, पुन्हा बघ’ म्हणून एका मुलीला खोडायला लावलं. संध्याकाळी स्वतः हिशेब मांडला तेव्हा कळलं की तिचंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि तिचा आकडा परत लिहिला. त्यानंतर वर्गातली मुलं माझ्याकडे न बघता पायऱ्यांकडे बघून बोलायला लागली.

७. भरतीची वेळ मोबाईलवर मिळते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

मोबाईलवरची वेळ आम्हीही बघतो, पण दुपारी, मुलांची नोंद झाल्यावर. फेरीचा दिवस ठरवताना तर छापील किंवा मोबाईलवरच्या वेळापत्रकावरच विसंबायचं, मुलांच्या हिशेबावर नाही. ताळा करायला उत्तर हाताशी असणं चांगलं. आधीच दाखवलं तर मात्र पायऱ्या मोजायचं कारणच उरत नाही.

८. आमची शाळा घाटाच्या पायथ्याशी आहे. आम्ही काय करायचं?

आधी जवळच्या नदीची चौकशी करा. भरतीचं पाणी वाटतं त्याहून बरंच आत येतं. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखातून शिरलेली भरती चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोचते. तिथल्या मुलांना पाण्याच्या चवीतला आणि काठच्या झाडांतला फरकही दिसेल. भरती पोचतच नसेल तर पहिली नोंद चंद्राची करा (किती दिसला, किती वाजता दिसला), आणि विहीर-मोहोर तसेच चालू ठेवा. जेटी नसलेल्या खाडीकाठच्या शाळांनी ओहोटीच्या वेळी मोठ्या माणसाकडून एक बांबू रोवून घ्यावा आणि त्यावर वीतभर अंतराने रंगाचे पट्टे मारावेत.

९. विहिरीचं पाणी मुलांना कसं मोजू देता? भीती वाटत नाही?

भीती वाटते, म्हणून मुलं विहिरीच्या काठावर जातच नाहीत. दर सोमवारी शाळा व्यवस्थापन समितीतले एक दादा दोरीला दगड बांधून सोडतात. दोरीला हातभर अंतरावर गाठी असतात. दोरी वर आली की कोरडा भाग मुलं अंगणात पसरून मोजपट्टीने मोजतात. विहीर कठड्याची असली तरी हा नियम मोडू नका.

चार सोमवारांचे चार आकडे, पण सगळ्यांत जास्त प्रश्न इथेच निघतात. ‘एवढा पाऊस पडतो, मग मे महिन्यात टँकर का येतो?’ कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतार तीव्र, समुद्र जवळ, त्यामुळे बरंचसं पाणी वाहून जातं. खाली जांभा दगड. त्याला भोकं आणि फटी, मुरलेलं पाणीही त्यांतून झऱ्यांच्या वाटेने लवकर निसटतं. आम्ही जांभ्याच्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओततो आणि पाणी कुठून बाहेर येतं ते बघत बसतो. एरवी चुळबुळ करणारी मुलंसुद्धा तेवढा वेळ हलत नाहीत.

१०. मोहोर मोजताना काय काळजी घ्यायची?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फवारणी. या दिवसांत हापूसच्या बागांत तुडतुड्यांसाठी औषधं मारलेली असतात. मुलांना तिथे नेऊ नका, मोहोराला हात लावू देऊ नका. शाळेच्या आवारातलं किंवा कुणाच्या परसातलं न फवारलेलं रायवळ आंब्याचं झाड निवडा, मालकाला विचारा आणि हाताला येणाऱ्या फांदीवरच्या एका तुऱ्याला रंगीत दोरा बांधा. प्रत्येक गटाचा दोरा वेगळ्या रंगाचा.

बागायतदार कणी, वाटाणा, गोटी, सुपारी, अंडं असे फळाच्या वाढीचे टप्पे सांगतात. मुलांनी तेच शब्द लिहावेत, सेंटिमीटरची गरज नाही. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं असतात आणि शेवटी फळं धरतात एखाद-दोन. कित्येक तुऱ्यांवर एकही नाही. ज्या गटाचा तुरा गळून जातो ती मुलं हिरमुसतात. त्यांना दुसरा तुरा देऊ नका. ‘तुरा गळला, तारीख अमुक’ हीसुद्धा नोंदच आहे.

जवळ काजूचं झाड असेल तर ओल्या बिया सोलायला देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

११. किनाऱ्यावरची फेरी कोणत्या दिवशी काढावी?

सकाळी ओहोटी असेल असा शनिवार शोधा, कारण शनिवारी सकाळची शाळा. तृतीया-चतुर्थीच्या सुमाराला ओहोटी साडेआठ-साडेनऊला येते आणि उधाण नुकतंच सरलेलं असल्याने पाणीही बरंच मागे जातं. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं, पाणी फिरलं की परतायचं. पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांची परवानगी, प्रत्येक पाच मुलांमागे एक मोठं माणूस आणि किनारा ओळखणारा गावचा एक कोळी, खारवी किंवा गाबीत बांधव एवढं असल्याशिवाय निघू नका. घोट्याच्या वर पाण्यात कुणी जायचं नाही. जेलीफिश वाळूत मेलेली दिसली तरी डंख करते, तिला हात लावायचा नाही. सापासारखं काही दिसलं तर लांबूनच. समुद्री साप विषारी असतात.

१२. मुलांनी शंख-शिंपले घरी आणले तर चालतात का?

आम्ही आणू देत नाही. जागीच चित्र काढायचं, मोजायचं आणि ठेवून द्यायचं. रिकाम्या वाटणाऱ्या शंखात बरेचदा शंखातला खेकडा राहत असतो. शिवाय प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्रकाकडी आणि शंखांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, आणि कुठला शंख त्यात बसतो हे किनाऱ्यावर उभं राहून आपल्याला ओळखता येत नाही. वाळूत कासवाची अंडी किंवा पिल्लं दिसली तर लांब थांबा आणि वनविभागाला किंवा गावातल्या कासवमित्रांना कळवा. आपल्या किनाऱ्यावर हे दिवस ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचेच असतात.

१३. मुलं वहीत मालवणी लिहितात. दुरुस्त करायचं का?

निरीक्षणाच्या वहीत नाही. आमच्या एकाने लिहिलं, ‘आज सुकती. पाणी लय भायर गेलां.’ काय पाहिलं ते त्यात पूर्ण आलं आहे. सुकती (ओहोटी), उधाण, भांग, सुंगटां (कोळंबी), कुर्ल्यो (खेकडे) हे शब्द मुलाकडे आयते आहेत आणि ते नेमके आहेत. शेजारी दुसरा रकाना आखा आणि तेच वाक्य पुस्तकाच्या मराठीत लिहून घ्या. महिन्याअखेर आपसूक शब्दकोश तयार होतो. २७ फेब्रुवारीला आम्ही तोच वाचतो.

बागेत आणि होड्यांवर कामाला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं वर्गात असतील तर तिसरा रकाना. एक मुलगी जूनपासून वर्गात बोललीच नव्हती. चंद्राला नेपाळीत काय म्हणतात असं विचारल्यावर ती ‘जून’ म्हणाली. आपल्याकडे जून म्हणजे शाळा सुरू होण्याचा महिना! सगळा वर्ग तिच्याभोवती जमला.

१४. सुट्टी आली, मूल आजारी पडलं, तर नोंद कशी पूर्ण करायची?

करायची नाही. रविवारची जागा रिकामी, गैरहजर मुलाची जागाही रिकामी. मैत्रिणीच्या वहीतून आकडा घेतला तर पुढे तिचं नाव लिहायचं. चौथीची मुलं आलेखात मधल्या दिवसाचा अंदाज तुटक रेघेने दाखवतात. पाहिलेलं ठळक, अंदाज तुटक, हा फरक महिनाभर सांभाळला तर मला बाकी काही राहिलं तरी चालतं.

मूल्यमापनासाठी वेगळी चाचणी घेऊ नका. आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प ही साधनं आहेतच. गुण सुबक अक्षराला किंवा भरलेल्या पानाला न देता, ‘हे तुला कसं कळलं?’ या प्रश्नाच्या उत्तराला द्या.

१५. हाच महिना पावसाळ्यात करता येईल का?

येतो, पण पायऱ्यांऐवजी पाऊस मोजा. किनाऱ्याची फेरी पूर्ण रद्द. उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाला खडे आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी घाला, बाहेरून मोजपट्टी चिकटवा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आपणही शक्य तेवढ्या जवळची एकच वेळ ठरवावी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. हे आकडे भिंतीवर लावले की बातम्यांतले इशारे मुलांना कळायला लागतात.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पडला तर सहा हजार लिटर. हे गणित झालं की विहिरीचा प्रश्न (प्रश्न ९) मुलं पुन्हा काढतात आणि पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते बघायला धावतात. लाल इशाऱ्याच्या दिवशी शाळा बंद असेल तर प्रश्न १४ मधला नियम, जागा रिकामी.

१६. महिना संपल्यावर वह्यांचं काय करता?

मुलं घरी नेतात. मोठा तक्ता मात्र शाळेच्या कपाटात राहतो, आणि पुढच्या फेब्रुवारीत नवी चौथी तो काढून आपल्या तक्त्याशेजारी लावते. पहिल्यांदा सगळे तारखेला तारीख लावतात आणि पायऱ्या अजिबात जुळत नाहीत. दोन-तीन दिवस वाद होतात, मी मध्ये पडत नाही. मग कुणीतरी जुना तक्ता सरकवून तिथीला तिथी लावतं. साडेदहाला पंचमी-षष्ठीच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली आणि त्रयोदशी-चतुर्दशीला वर, असं दोन्ही वर्षी दिसतं. विहिरीचे आकडे मात्र तारखेनेच लावावे लागतात. असं का, हे गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, आणि त्याचं उत्तर देण्याआधी मी त्याला पाऊणकी म्हणणाऱ्या त्या पणजोबांकडे पाठवलं.